खिन्न मन, धावती मज्जासंस्था

(आंबिवली येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



माणूस फार उदास झाला की जिवाचं बरंवाईट करून घेतो, असं आपण धरून चालतो. म्हणून घरातलं कुणी दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिलं की आपल्या पोटात गोळा येतो. तेच माणूस उठून फिरायला लागलं, बोलायला लागलं, की आपण देवापुढे साखर ठेवतो. बायपोलर आजारात हा हिशेब कित्येकदा उलटा निघतो. मन अजून काळोखात आणि शरीर मात्र पळायला लागलेलं, ही या आजारातली सगळ्यात धोक्याची घटका. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पण हे नुसतं सांगून पटत नाही. मी तीस वर्षं कल्याणला ओपीडी चालवते आणि रोज बघते, की समोर बसलेले नातेवाईक मान हलवतात आणि घरी जाऊन पुन्हा पडून राहिलेल्या माणसाचीच काळजी करतात.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर कामगारांच्या मुलांना गणित शिकवलं. त्यांच्या नावाच्या फलकाखाली उभं राहून आकडे टाळले तर बरं दिसणार नाही. तेव्हा मध्ये एक गणित येईल. घाबरू नका, गुणाकार-वजाबाकीच्या पुढे जाणार नाही.

आधी आजार. एका टोकाला मॅनिया: तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलणं थांबत नाही, विचार एकमेकांना ढकलत येतात, खिशात नसलेले पैसे खर्च होतात, रात्री दोन वाजता भाच्याला फोन करून धंद्याची योजना सांगितली जाते. दुसऱ्या टोकाला डिप्रेशन: अंघोळीला उठणंही डोंगर चढण्याइतकं जड. दोन्हींच्या मधे महिनेच्या महिने, कधी वर्षंही, माणूस अगदी तुमच्या-माझ्यासारखा. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मनोरुग्णालयांची एवढी जुनी परंपरा असलेलं आपलं राज्य त्यात असायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.) दर २०० प्रौढांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, असं त्यात आढळलं. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये चार हजार माणसं कोंबलेली आहेत असं धरा. त्यांतली वीस ही अशी. आणि ज्यांना आजार आहे त्यांतले ७०.४ टक्के लोक उपचाराबाहेर.

या आजारात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या २० ते ३० पट असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी हा आकडा ऐकून हातपाय गाळू नयेत. बहुसंख्य रुग्ण आत्महत्येनं मरत नाहीत. ते संसार करतात, नोकऱ्या करतात, नातवंडं खेळवतात. माझ्या ओपीडीत निवृत्त होईपर्यंत एकही पाळी न चुकवलेले लोक आहेत. प्रश्न असा, की जो धोका आहे तो नेमका केव्हा असतो.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत मॅनिया आणि डिप्रेशन हे एकाच आजाराचे दोन चेहरे म्हणून एकत्र बांधले. त्यांच्या आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म वायगांट यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: कित्येक रुग्णांत दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात. मनःस्थिती, विचारांचा वेग आणि शरीराची हालचाल या तीन गोष्टी एकदम चढतात किंवा एकदम उतरतात असं नाही. एक खाली आणि दोन वर असंही होतं. मन म्हणतं सगळं संपलं, आणि त्याच वेळी डोकं भणभणतंय, पाय स्वस्थ बसत नाहीत, झोप उडालीय, चिडचिड अनावर आहे. याला संमिश्र अवस्था म्हणतात. फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळच्या योर्वी रुग्णालयात बायपोलरच्या १९१ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा केला गेला. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण डिप्रेशनच्या काळात इतर वेळेपेक्षा सुमारे ६० पट होतं. संमिश्र अवस्थेत ते सुमारे १२० पट निघालं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. उदासी तीच. त्यात वेग मिसळला आणि धोका दुप्पट झाला.

माहीमच्या एका लहानशा घरातल्या, या आजाराच्या तावडीत सापडलेल्या आईवर जेरी पिंटो यांची कादंबरी आहे. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावानं मराठीत आणली. नातेवाइकांना मी वैद्यकाच्या माहितीपत्रकाआधी ती वाचायला सांगते. आजार घरातल्या प्रत्येकाची झोप कशी मोजायला लावतो, ते माहितीपत्रकात मावत नाही.

आता आंबिवलीत येऊ. ‘मनाचा वेग’ म्हटलं की लोकांना ते काव्य वाटतं, आणि मनाचा आजार म्हटलं की कमकुवतपणा वाटतो. हा वेग म्हणजे मज्जासंस्थेतली रासायनिक घटना आहे, याचा पुरावा तुमच्या गावच्या धंद्याच्या इतिहासात आहे.

नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, आपली एनआरसी. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी तिथं काम केलेलं असणार. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं झगडत राहिले, ते मी तुम्हाला सांगायला नको. अलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे, ती आजही चालू आहे. रेयॉन कसा होतो? लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडायचं, की तो मधासारखा दाट द्राव होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की धागा. या वाटेवर कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेत सुटतात. रेयॉनच्या वस्त्यांत जुन्या लोकांना तो कुबट वास आठवतो.

मी इथं कुठल्याही कारखान्यावर आरोप करायला उभी नाही. बोलतेय ते या रसायनाबद्दल. त्याची कथा रेयॉनच्याही आधी सुरू होते. पॅरिसमध्ये रबर मऊ करायला आणि त्यावर प्रक्रिया करायला कार्बन डायसल्फाइड वापरत. ओग्युस्त देलपेश नावाच्या डॉक्टरांनी १८५६ मध्ये त्या कामगारांचा आजार पहिल्यांदा नोंदवला आणि १८६३ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. त्यांनी आजाराचे दोन टप्पे सांगितले. पहिला उत्तेजनेचा: माणूस बडबडतो, विनाकारण हसतो, भडकतो, कामवासना वाढते, झोप जाते. दुसरा कोसळण्याचा: खिन्नता, विसरभोळेपणा, हातापायांतली ताकद जाणे. मनोविकारशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल, आणि इथं तर ते हवेतल्या वाफेमुळे घडत होतं. पुढे ब्रिटनमध्ये सर टॉमस ऑलिव्हर यांनी लिहून ठेवलं, की काही रबर कारखान्यांत खिडक्यांना गज बसवावे लागले होते, कारण वाफेनं बेभान झालेल्या कामगारांचा भरवसा नव्हता. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी १९३०च्या दशकात रेयॉन कामगारांची पाहणी करवून घेतली. टॉमस मॅन्कुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७२ मध्ये ओहायोतल्या रेयॉन कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास छापला. त्याचं शीर्षकच कार्बन डायसल्फाइड हे आत्महत्येचं कारण आहे का, या अंगाचं होतं, आणि प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. दक्षिण कोरियात वोनजिन रेयॉन नावाच्या कंपनीत जपानमधून आणलेली वापरलेली यंत्रं होती. तिथल्या शेकडो कामगारांना या विषबाधेसाठी नुकसानभरपाई मिळाली. १९९३ मध्ये ती बंद पडली आणि यंत्रं चीनला विकली गेली. हा सगळा इतिहास पॉल ब्लँक यांनी २०१६च्या आपल्या पुस्तकात एकत्र केला आहे.

आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्या आजारांची खबर सरकारला द्यावीच लागे त्या यादीत, कार्बन डायसल्फाइडची विषबाधा नावानिशी होती. कायद्याला १९४८ मध्ये कळलेली गोष्ट आम्हा मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणी-कागदावर आजही नसते. नवा रुग्ण आला की आम्ही घराण्यात कुणाला होतं का, दारू किती, हे विचारतो. “काम कुठे करता, हवेत काय असतं?” हे विचारणारा क्वचितच भेटतो. कारखान्यांनी वेढलेल्या कल्याण-उल्हासनगर-अंबरनाथच्या पट्ट्यात ही उणीव मला जास्तच खटकते.

हे रसायन शरीरात काय करतं? मज्जापेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. डोपामिन हे उत्साहाचं, हाव आणि ओढ यांचं रसायन. त्यापासूनच नॉरॲड्रेनलिन बनतं. हे रूपांतर करणाऱ्या विकराला तांब्याची गरज असते. कार्बन डायसल्फाइड शरीरात शिरून असं संयुग बनवतं जे तांबं धरून ठेवतं, आणि विकर लंगडा पडतो. डोपामिन साठतं, नॉरॲड्रेनलिन घटतं. सगळा उन्माद एवढ्यातच आहे असं कुणी म्हणणार नाही, पण गाडा कुठून हलला ते यातून कळतं.

याच कुळातलं एक औषध तुमच्यापैकी काहींच्या घरात असेल: दारू सोडवण्याची डायसल्फिरामची गोळी. रबर कारखान्यांतल्या कामगारांना दारू सोसत नाही, ही अमेरिकेतल्या एका कारखाना-डॉक्टरची १९३७ची नोंद. पुढे १९४८ मध्ये कोपेनहेगनमध्ये दारू सोडवण्याचं औषध म्हणून ही गोळी तयार झाली. पोटात गेलेल्या डायसल्फिरामचा काही भाग शरीरात कार्बन डायसल्फाइडमध्ये बदलतो, आणि काही रुग्णांत त्यानं मॅनिया किंवा भ्रम सुरू होतो. बायपोलर आणि दारू यांची सोयरीक फार जुनी आहे. आपल्याकडे बायका ही गोळी कुटून नवऱ्याच्या भाजीत मिसळतात. त्यांचं दुःख मला कळतं, पण तसं करू नका. दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो, आणि आधीच बायपोलर असलेल्या माणसाला न सांगता दिलेली ही गोळी त्याला वर ढकलू शकते. डॉक्टरांना सांगून, त्या माणसाला सांगून, मगच.

एवढा वेळ मी गिरणीच्या वाफेत का रमले? कारण बलवान, तरुण, धडधाकट कामगाराचं मन बाहेरून आलेल्या एका वायूनं उन्मादाकडे आणि मग खिन्नतेकडे जात असेल, तर ज्याच्या मज्जासंस्थेत हा चढउतार आतूनच होतो त्याला “मन घट्ट कर” म्हणण्यात काही अर्थ उरत नाही.

मग विज्ञानाला साहजिकच मोह झाला: हा धोका शरीरावर मोजता येईल का? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मारी ओस्बर्ग यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की मेंदूभोवतीच्या पाण्यात सेरोटोनिनच्या एका अवशेषाचं प्रमाण कमी असलेल्या डिप्रेशनच्या रुग्णांत आत्महत्येचे प्रयत्न जास्त आढळतात. पाठीच्या कण्यातून सुई घालून पाणी काढायचं, तेव्हा ते ओपीडीत चालणारं नव्हतं. दुसरी वाट स्वीडनच्याच लार्स-होकान थोरेल यांची, आणि ती फारच साधी. दोन बोटांना पट्ट्या लावायच्या, कानांवर हेडफोन, आणि एकच आवाज थोड्या थोड्या वेळानं ऐकवायचा. प्रत्येक आवाजाला आपल्या बोटांवर डोळ्यांना न दिसणारा घाम येतो आणि कातडीतून वीज किंचित जास्त वाहते. हे आपल्या ताब्यात नसतं. स्वायत्त मज्जासंस्था ते परस्पर करते. निरोगी माणसाची कातडी बऱ्याच आवाजांना दाद देते आणि हळूहळू कंटाळते. काहींची कातडी मात्र पहिल्या एक-दोन आवाजांतच गप्प होते, जणू जगात नवं काही घडतंय याची तिला फिकीरच नाही.

थोरेल आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी ७८३ भरती रुग्णांवर ही चाचणी करून पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. आत्महत्येनं दगावलेले जवळपास सगळे रुग्ण या गप्प कातडीच्या गटातले होते. आणि असे गप्प लोक बायपोलरच्या डिप्रेशनमध्ये सगळ्यात जास्त निघाले. निष्कर्ष इतके देखणे होते की युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून ही चाचणी पुन्हा मोठ्या प्रमाणावर तपासायचं ठरवलं. त्या मोठ्या तपासणीत पहिल्याइतकं ठाम उत्तर मिळालं नाही. कुणाच्या बोटाच्या घामावरून त्याचं भवितव्य सांगावं, इतकं बळ त्या चाचणीत नव्हतं.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही, आणि इथं मास्तरांचं गणित येतं. समजा, एक हजार बायपोलर रुग्ण आहेत आणि एका वर्षात त्यांतले पाच आत्महत्या करणार आहेत. आकडा मी कल्पनेनं घेतला आहे, हिशेब समजावा म्हणून. आता एक फार उत्तम चाचणी घ्या: ज्यांना धोका आहे त्यांतल्या ८० टक्क्यांना ती पकडते, आणि ज्यांना नाही त्यांतल्या ८० टक्क्यांना बिनधोक सोडते. पाचपैकी चार पकडले गेले. छान. पण उरलेल्या ९९५ पैकी २० टक्के, म्हणजे १९९ जणांवरही ‘धोका’ असा शिक्का बसला. यंत्रानं २०३ लोकांकडे बोट दाखवलं, त्यांत खरे चार. त्या २०३ जणांचं काय करायचं? सगळ्यांना कोंडायचं? नोकरीवर कळवायचं? आणि जो पाचवा निसटला, त्याच्या बायकोला “चाचणी चांगली आली” म्हणून घरी पाठवायचं? फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र चाळले, तेव्हाही हेच दिसलं: आत्महत्येचं भाकीत करण्याच्या आपल्या युक्त्या नाणेफेकीपेक्षा थोड्याच बऱ्या आहेत.

आता मनगटावरची घड्याळं आली आहेत. झोप, पावलं, हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार, सगळं मोजतात. बायपोलरमध्ये हा ठोक्यांमधला चढउतार कमी झालेला आढळतो, हेही खरं. पण उद्या कुणी विमा कंपनी किंवा मालक म्हणाला की घड्याळानं सांगितलं म्हणून हा माणूस नको, तर त्यानं वर केलेलं गणित आधी फळ्यावर सोडवून दाखवावं.

कोण जाणार हे यंत्राला सांगता येत नाही. धोका केव्हा वाढतो, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्यासाठी घरातली माणसं पुरतात. झोप बघा. उदास माणसाची झोप अचानक कमी झाली आणि तरीही तो थकलेला दिसत नाही, येरझाऱ्या घालतोय, रात्री उठून कपाट लावतोय, क्षुल्लक गोष्टीवर पेटतोय, आणि बोलणं मात्र निराशेचं, “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास” असलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे या. महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. दुसरा काळ म्हणजे रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले तीन महिने. आपल्याकडे डिस्चार्ज म्हणजे सुटका. पेढे वाटतात, आणि जागरण करणारी मावशी गावी परत जाते. नेमक्या याच तीन महिन्यांत माणूस सोबतीला हवं. तिसरी गोष्ट, जवळच्या डॉक्टरांकडून नुसती डिप्रेशनची गोळी घेणं. आधी कधी मॅनिया झाला असेल, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला असेल, तर ते पहिल्यांदाच सांगा. एकट्या डिप्रेशनच्या गोळीनं बायपोलर माणूस वर उसळू शकतो किंवा त्या संमिश्र अवस्थेत जाऊ शकतो.

एनआरसीच्या पिढीला पाळ्या ठाऊक आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, आणि आठवड्याला बदल. आज कॉल सेंटर, गोदामं, सुरक्षारक्षकांच्या ड्यूट्या. बायपोलर माणसाला फिरती रात्रपाळी सोसत नाही. एका रात्रीचं जागरणसुद्धा मॅनिया सुरू करू शकतं. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी तर दिनक्रम जागेवर आणण्यावरच एक उपचारपद्धती उभी केली: उठण्याची, जेवणाची, लोकांत मिसळण्याची, झोपण्याची वेळ पक्की. मी मालकांना पत्रं देते, “या कर्मचाऱ्याला कायम पहिली पाळी द्यावी”. आजाराचं नाव लिहायची गरज नसते. काही देतात, काही देत नाहीत. आणि कारखाना बंद पडतो तेव्हा पगाराबरोबर भोंग्यानं बांधलेला दिवसही जातो. ज्याची मज्जासंस्था त्या भोंग्यावर तोल सांभाळून होती, तो पहिला घसरतो.

औषधांत मी फक्त लिथियमबद्दल बोलते. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियाच्या दहा रुग्णांना ते दिलं आणि १९४९ मध्ये त्याबद्दल छापलं. पहिला रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयात असलेला, तो काही महिन्यांत घरी गेला. पुढे तोच लिथियमच्या विषबाधेनं वारला, कारण रक्तातली पातळी मोजायची पद्धत अजून रुळली नव्हती. आज ती कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४८ चाचण्यांचा हिशेब मांडला, त्यात लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या कमी दिसल्या. अमेरिकेतल्या ५१९ माजी सैनिकांवरच्या नंतरच्या चाचणीत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यांत बायपोलरचे रुग्ण थोडे होते आणि गोळ्या नियमित घेणारेही थोडे. माझा कौल लिथियमच्या बाजूनं आहे. गोळी स्वस्त आहे, म्हणून कंपन्यांचे प्रतिनिधी तिचं नाव घेऊन कुणाच्या दवाखान्यात येत नाहीत, आणि तरुण डॉक्टर रक्ततपासणीचा व्याप नको म्हणून दुसरं काही लिहितात. मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. मे महिन्यात घाम गाळणाऱ्याला पाणी-मीठ सांभाळावं लागतं, अंगदुखीवर मनानं आयबुप्रोफेन घ्यायचं नसतं. उलट्या, जुलाब, हाताला जोराचा कंप, तोल जाणे असं काही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच दाखवायचं. एरवी मात्र बरं वाटतंय म्हणून ती एकाएकी सोडायची नाही. एकाएकी सोडल्यावर आजार उलटतो, आणि आत्महत्येचा धोकाही त्याच काळात वर जातो. गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असावा, आठवड्याला लागतील तेवढ्याच हातात द्याव्यात. नाजूक काळात घरातली जी वस्तू धोक्याची वाटते ती शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा. रुग्णाला विश्वासात घेऊन ठेवा. बरा असताना तोच सांगतो काय काय हलवायचं.

आणि थेट विचारा. “तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?” विचारल्यानं विचार येत नाहीत. आलेला विचार बोलता येतो.

कायद्याची भीती काढून टाकायला हवी. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका पोलीस कॉन्स्टेबलचं प्रकरण आलं होतं. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यावर त्याला मानसिक आजार जडला, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर कलम ३०९ लागलं होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध मानलं, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. तरी आजही ‘पोलीस केस होईल’ म्हणून नातेवाईक दवाखाने बदलत हिंडतात आणि त्यात मोलाचे तास जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात सगळ्यात जास्त आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात आहे: २२,७४६. त्यांतल्या कितीजणांना बायपोलर होता, ते त्या तक्त्यात कळत नाही. ‘मानसिक आजार’ या एका रकान्यात सगळं बुडतं.

कुठे जायचं? ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नावाला लोक दचकतात, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज शेकडो माणसं औषध घेऊन पुढची लोकल पकडतात. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, विनाशुल्क, मराठीतून बोलता येतं. फोन रुग्णानंच करायला हवा असं नाही. आई करू शकते, शेजारी करू शकतो, पाळीतला सोबती करू शकतो.

आंबिवलीहून ठाण्याला जाऊन यायला, नंबर लावायला, औषधाची रांग धरायला पूर्ण दिवस जातो, म्हणजे एक रोज बुडतो. लिथियमची गोळी काही रुपयांची आणि ती आणण्याचा खर्च दिवसाच्या मजुरीचा. मोहन्यात किंवा इथं स्टेशनजवळ महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ, लिथियमचा साठा आणि रक्त घेण्याची सोय एवढं झालं, तरी बरेच लोक औषध सोडणार नाहीत. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी आयुक्तांना अर्ज लिहिला, तर पहिली सही मी करते. एक दिवस बसायलाही येते, मानधन नको.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना घरच्या माणसाबद्दल विचारायचं आहे त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहू नये, फक्त वय, गोळ्यांची नावं आणि रात्रीची झोप किती, एवढं लिहावं.